आक्का आणि तीन नंबर

ज्याचं उत्तर नुसतं 'हो' किंवा 'नाही' असं देता येईल, असा प्रश्न आमच्या नणंदबाईंना आजवर या शहरात कुणालाही विचारता आलेला नाही. प्रयत्न पुष्कळांनी केले. चहा घेणार का म्हटलं, तर "कुणी केलाय त्यावर आहे" म्हणतात. पाऊस पडेल का म्हटलं, तर "कुठं आणि किती वाजता" असं विचारतात. ऐन पंचविशीत त्यांना बघायला आलेल्या मुलानं पोहे खाता खाता स्वयंपाक येतो का, असं सहज विचारलं होतं. त्यावर आक्कांनी कशाचा, किती जणांचा आणि उरलेला कोण खाणार, असे तीन उलट प्रश्न केले, आणि चौथा निघायच्या आत मुलाकडची मंडळी जीपमध्ये जाऊन बसली, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. त्या सांगत असताना आक्का शेजारी बसून तपशील दुरुस्त करायच्या. "जीप नव्हती आई, काळी-पिवळी होती."

मी लग्न होऊन गंगापूरहून हर्सूलच्या या घरात आले, तेव्हा मला नणंदेची चांगलीच भीती घालून पाठवलं होतं. लग्न न केलेली, शिकलेली, विद्यापीठात संशोधन करणारी, वर नवऱ्याहून मोठी. जपून राहा, असं माझ्या मावश्यांनी बजावलं होतं. दुसऱ्याच दिवशी, हातावरची मेंदी अजून ताजी असताना, आक्कांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाल्या, "तू शाळेत विज्ञान शिकवतेस ना? मग सांग, पेशीला वाढ म्हणून कोण सांगतं आणि थांब म्हणून कोण सांगतं?" मी घाबरत म्हणाले, "पुस्तकात नाही ते आक्का." "नसणारच. बस." मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसले, आणि तिथं जे ऐकलं ते पुढं इतक्या वेळा ऐकलं, की आता झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

त्या म्हणाल्या, "शरीरात काही रेणू असतात, ते पेशीला वाढायला लावतात. ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्यांना. ते रक्तात मोकाट फिरले तर पंचाईत, म्हणून त्यांना धरून ठेवणारी वेगळी प्रथिनं असतात. मी बघते त्या गटात अशी सहा आहेत, एक ते सहा नंबरची. धरून ठेवलं की तो रेणू पेशीपर्यंत पोचत नाही. सोडलं की पोचतो. पेशी वाढतच सुटल्या की गाठ होते, त्यातूनच कॅन्सर होतो. तेव्हा हे प्रथिन केव्हा धरतं आणि केव्हा सोडतं, ते बघायचं. मी तीन नंबरचं बघते." मला वर्गातली सवय. मी म्हणाले, "म्हणजे ते पोलीस झालं का? गुंडाला धरणारं?" "पोलिसाला वरिष्ठ असतात. याला कुणी नाही." "मग आईसारखं? उनाड पोराचा हात धरणारी आई?" आक्कांनी चष्मा काढला. "आईला पोराचं काही वाटतं. याला काही वाटत नाही. मास्तरीण, ते प्रथिन आहे. त्याला प्रथिनच म्हण." तेव्हापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी मास्तरीणच झाले.

या हट्टापायी आक्कांचं म्हणणं आमच्या नात्यात कुणाला कधी नीट कळलं नाही, आणि त्यांचं सांगणंही कधी थांबलं नाही. हळदीकुंकवाला वाण लुटून होईतो त्यांनी बायकांना दोन नंबर आणि तीन नंबर यांतला फरक सांगितलेला असे. आमच्या इमारतीत तीन नंबरच्या फ्लॅटमध्ये पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. गरीब माणूस. रोज सकाळी आमच्याकडे पेपर वाचायला यायचे. एकदा ते जिना चढत असताना आक्का गॅलरीत फोनवर बोलत होत्या, "तीन नंबर वरून साधा दिसतो हो, पण एकदा आत शिरला की काय करील सांगता येत नाही. मी वीस वर्षं पाळत ठेवून आहे त्याच्यावर." काका आल्या पावली परत गेले. दीड महिना पेपरला आले नाहीत. शेवटी काकू आल्या, दारातच उभ्या राहिल्या, आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आक्का, आमच्या ह्यांच्या हातून काही झालं का?" आक्कांनी त्यांना आत घेतलं आणि पाऊण तास तीन नंबर समजावून सांगितला. काकूंना किती कळलं कोण जाणे, पण जाताना त्यांचा चेहरा पंधरा वर्षांनी लहान झाला होता. आता काका जिन्यात भेटले की विचारतात, "काय आक्का, कसा आहे आज आपला नंबर?" आणि आक्का थांबून, पिशवी खाली ठेवून, खरोखर सांगतात.

विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीत एक मोठा फ्रीजर होता. उणे ऐंशी अंशांचा. त्यात गाठींचे नमुने आणि पेशी अशा कितीतरी वर्षांच्या कुप्या होत्या. त्या फ्रीजरची काळजी त्यांनी जितकी केली तितकी कुणी पोटच्या लेकराचीही करत नसेल, असं मी एकदा म्हणाले, तर "लेकरू रडून सांगतं, फ्रीजर सांगत नाही" असं म्हणाल्या. माझ्या चुलत दिराच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि आक्कांच्या पर्समधला फोन वाजला. विद्यापीठात लाईट गेली होती आणि जनरेटर चालू होत नव्हता. आक्कांनी मुठीतल्या सगळ्या अक्षता दोन मंगलाष्टकं आधीच एकदम नवरा-नवरीवर टाकल्या, कुणाच्या तरी आत्याच्या पायावर पाय देऊन कार्यालयाबाहेर आल्या आणि ओळखीच्या चाचांची रिक्षा पकडली. त्या मला पदराला धरून का घेऊन गेल्या, ते अजून कळलं नाही. चिकलठाण्याच्या एमआयडीसीतून कोरड्या बर्फाचे दोन खोके घेतले. खोक्यांतून धूर निघत होता, आम्ही दोघी जरीच्या साड्या नेसून खोक्यांवर हात ठेवून बसलो होतो. चाचांनी आरशातून बघत विचारलं, "आपा, इतना धुआँ निकल रा, किसके वास्ते है ये?" आक्कांनी खरं तेच सांगितलं, "कॅन्सर की पेशियाँ बचानी हैं." पुढच्या सिग्नलला चाचांनी मान मागं वळवली. मग म्हणाले, "दुनिया के लोगाँ कॅन्सर से बचने कू दौड़ते, तुम कॅन्सर कू बचाने कू दौड़ रे." आक्का इतक्या हसल्या की चष्म्यावर पाणी आलं. ते वाक्य त्यांनी नंतर आपल्या व्याख्यानातही घातलं. फ्रीजर वाचला. चुलत सासूबाई मात्र वर्षभर बोलत नव्हत्या.

आता खरी गोष्ट सांगते, कारण आक्कांच्या हट्टाला आम्ही घरातले लोक हसत होतो ते त्यानंतर थांबलं.

बिडकीनची एक मुलगी आक्कांकडं पीएचडी करत होती. अबोल आणि हाताला फार स्वच्छ. आक्का कधी कुणाचं कौतुक करत नाहीत, पण हिच्याबद्दल "थेंब मोजून सोडताना तिची नळी थरथरत नाही" असं म्हणायच्या. आक्कांनी आणि त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी इतकी वर्षं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली होती, की तीन नंबर वाढला की गाठीच्या पेशी आटोक्यात येतात, पुष्कळदा मरतात. आक्कांचं सगळं नाव त्यावर उभं होतं. या मुलीनं स्तनाच्या कॅन्सरच्या एका निराळ्या जातीच्या पेशी घेतल्या, आणि त्यांत उलटं झालं. तीन नंबर जास्त तिथं पेशी जोरात वाढल्या. ती तीन आठवडे वही दाखवायला आली नाही. शेवटी आली ती रडत, कारण तिला वाटलं तिच्या हातून काहीतरी सांडलं असणार.

आक्कांनी तिला घरी पाठवलं आणि सगळा प्रयोग स्वतःच्या हातानं केला. मग पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा. त्या दिवसांत त्या घरी जेवायला बसत तेव्हा काय खाल्लं हे त्यांना सांगता आलं नसतं. तिसऱ्या वेळी घरी आल्या, चपला काढल्या, आणि पंख्याखाली बसून माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "बाळ, मी चुकले नव्हते. पण मी अर्धंच बघितलं होतं." मी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "त्या पेशींत ते कुणाला धरतबिरत नाही, मास्तरीण. ते स्वतःच वाढीला हातभार लावतं. एकच प्रथिन. इथं आवरतं, तिथं चढवतं. पेशी कोणती आहे त्यावर आहे."

विभागप्रमुखांनी सल्ला दिला, की त्या पेशींचं प्रकरण प्रबंधातून गाळावं. बाकीचं काम सरळ आहे, बाहेरचे परीक्षक येणार, मुलीची डिग्री अडकेल, आणि मॅडमनी स्वतःचंच इतक्या वर्षांचं म्हणणं शेवटी कशाला खोडायचं. "तुम्ही दोन वर्षांत रिटायर होताय," असंही ते म्हणाले. आक्का म्हणाल्या, "म्हणून तर आत्ताच. नंतर मला खोडायला कोण येणार?"

हे चाललेलं असतानाच माझ्या आईला गाठ निघाली. डाव्या स्तनात. ऑपरेशन झालं, नंतर सलाईनमधून केमो सुरू झाली. आई माझ्याकडं हर्सूलला राही, दोन डोसांच्या मध्ये गंगापूरला जाई. तिसऱ्या डोसानंतर ती गावाला गेली ती परत यायला तयार होईना. फोनवर म्हणाली, "मला नाय येयाचं. लई तरास व्हतो त्या सुईचा. दादानं औषध आणलंय, त्येच घेते." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मनानं चांगला, पण चार माणसं एकत्र बसून टाळ्या वाजवत असली की त्याला सगळं पटतं. तो एका आरोग्य-उत्पादनांच्या कंपनीत सभासद झाला होता. त्यानं मला डब्याचा फोटो पाठवला. पावडरीचा हिरवा डबा, आणि त्यावर छापलं होतं: 'आपल्याच शहरातील शास्त्रज्ञांचा शोध: तीन नंबरचं प्रथिन कॅन्सरला आवर घालतं.'

मी तो फोटो आक्कांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, मग लहान केला, मग पुन्हा मोठा केला. मग म्हणाल्या, "हे माझं वाक्य आहे." पुष्कळ वर्षांपूर्वी एका कॉलेजात विज्ञान दिनाचं भाषण होतं. संयोजकांनी हात जोडून विनवलं होतं, की मॅडम, पोरांना कळेल असं एक तरी सोपं वाक्य बोला, पेपरात छापायचंय. "आयुष्यात एकदाच सोपं बोलले मी," आक्का म्हणाल्या, "आणि ते डब्यावर गेलं."

रविवारी त्या कंपनीची गंगापूरला एका मंगल कार्यालयात सभा होती. आक्का आणि मी एसटीनं गेलो. वाटेभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि ओठ हलवत होत्या. मला वाटलं जप करतायत, तर भाषणाची तयारी चालली होती. कार्यालयात आई पहिल्या रांगेत बसलेली, डोक्याला फडकं बांधलेलं, मांडीवर डबा. दादा माईकजवळ. सूटबूट घातलेला एक वक्ता सांगत होता, की तीन नंबर वाढवा आणि गाठ विसरा. टाळ्या पडल्या. आक्का मधल्या वाटेनं सरळ स्टेजवर गेल्या. वक्त्याला वाटलं कुणी गुण आलेल्या बाई आल्या असणार, त्यानं आनंदानं माईक हातात दिला.

"डब्यावरचं वाक्य माझं आहे," आक्का म्हणाल्या. पुन्हा टाळ्या पडल्या. "ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं, की काही गाठींत हेच तीन नंबरचं प्रथिन गाठ वाढवतं. माझ्याच प्रयोगशाळेत वाढवताना मी बघितलंय. कुणाची गाठ कोणत्या जातीची, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि या डब्याला ते माहीत नाही." आता टाळ्या नव्हत्या. वक्ता माईक मागायला पुढं झाला. आक्कांनी तो दुसऱ्या हातात घेतला. "दुसरी गोष्ट. प्रथिन खाल्लं की पोटात पचतं. या पावडरीचा फायदा तूरडाळीएवढा. तूरडाळ चवीला बरी असते. ती खा, आणि दवाखान्यात जा." मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, तुमी आधी एक म्हनला, आता दुसरं म्हनता. मग तुमचं खरं कसं मानायचं?" आक्का त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "चुकलेलं सांगायला आले, यावरून मान. यांच्यातलं कुणी आजवर आलंय का?"

माईकची वायर कुणीतरी ओढली. पण वर्गात तीस वर्षं बोललेल्या बाईला माईक लागत नाही. वक्ता आयोजकांकडं बघू लागला, आयोजक दादाकडं, आणि दादा आमच्या आईकडं. आई उठली. लोकांना वाटलं ती रागावून निघाली. ती स्टेजच्या पायऱ्यांपाशी आली आणि खालूनच म्हणाली, "आक्का, एक सांगा. मी ती सुई घेतली तर बरी व्हईन का?"

एवढी म्हातारी, आजारी बाई. एक 'हो' म्हणायला काय लागतं? आक्का पायऱ्या उतरून तिच्यासमोर आल्या. म्हणाल्या, "मावशी, मला माहीत नाही. घेतली तर शक्यता पुष्कळ जास्त आहे. न घेतली तर फार कमी. एवढंच मला खरं माहीत आहे." आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग डबा खुर्चीवर ठेवत म्हणाली, "सगळे म्हनतेत व्हईल व्हईल. डॉक्टर म्हनतो व्हईल, ह्यो बी म्हनतो व्हईल. तुमी एकल्याच म्हनल्या, माहीत नाय." आणि मला म्हणाली, "चल. किती वाजता हाय गाडी?"

दादा आमच्याशी चार महिने बोलला नाही. मग एक दिवस आईला डोससाठी घेऊन स्वतःच आला, आक्कांना नमस्कार केला आणि मान खाली घालून म्हणाला, "मला खरंच वाटलं व्हतं, आक्का." आक्का म्हणाल्या, "मलाही वाटलं होतं. इतकी वर्षं." त्यानंतर त्यांचं जमलं.

विद्यापीठातलं प्रकरण इतकं सरळ सुटलं नाही. आक्कांनी त्या मुलीला प्रबंधातलं एक पान गाळू दिलं नाही, आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी सगळ्या विभागासमोर पहिल्या रांगेत बसून राहिल्या. बाहेरच्या परीक्षकांनी मुलीला विचारलं, हे तुमच्या मार्गदर्शकांच्या आधीच्या कामाच्या विरुद्ध जातंय, ते तुम्हाला कळतंय ना? मुलगी आक्कांकडं बघू लागली. आक्कांनी भिंतीकडं बघितलं. तेव्हा ती अबोल मुलगी म्हणाली, "हो सर. मॅडमनीच तीनदा करून बघितलंय." पुन्हा प्रयोग मागितले गेले, एक वर्ष जास्त लागलं. शोधनिबंध दोन ठिकाणांहून परत आला, तिसऱ्यानं छापला. डिग्री मिळाली त्या दिवशी मुलीचे वडील बिडकीनहून पेढे घेऊन आले आणि आक्कांनी त्यातले चार एकामागून एक खाल्ले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

आता आक्का निवृत्त आहेत. निरोप समारंभात त्या सव्वा तास बोलल्या, आणि लोक उठून जाऊ लागले तरी बोलत राहिल्या. फ्रीजर दुसऱ्या विभागाकडं गेला. त्यांच्या खोलीत आता कुणीतरी तरुण प्राध्यापक बसतात. आईचे डोस संपले, केस परत आले. पहिले सरळ होते, आता कुरळे आलेत. दर काही महिन्यांनी तपासणी असते, आणि ती जवळ आली की आई आठवडाभर कमी बोलते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आक्का यंदा गंगापूरला जाऊन राहिल्या. चूल, शेत, दुपारची झोप, सगळं त्यांना नवीन. मी त्यांना आणायला गेले, तेव्हा दोघी चुलीपाशी होत्या. आक्कांनी भाकरी शिकायचं मनावर घेतलं होतं. समोर परातीत ज्वारीचं पीठ, आणि आक्का ती थापत होत्या. पण भाकरी एका बाजूला फाटत होती. मी जवळ गेले तेव्हा दिसलं, की आक्कांचा उजवा हात थरथरतोय. वर्षानुवर्षं ज्या हातानं थेंब थेंब मोजून सोडला, तो हात. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हात पिठात लपवला.

आईनं पाट जवळ ओढला, आपला हात आक्कांच्या मनगटाखाली दिला आणि म्हणाली, "हळू. घाई नाय आपल्याला." मग दोघींनी मिळून ती भाकरी थापली. बरीच वेडीवाकडी झाली होती. तव्यावर पडली, फुगली नाही, आणि आम्ही तिघींनी ती वाटून खाल्ली.